डोहकरांच्या रीतीतील एक दुरुस्ती

आमच्या दैनिकात रविवारच्या वधू-वर पानाचे मुद्रितशोधन मुख्य उपसंपादक स्वतः करीत. हे काम त्या पदाचे नव्हे. त्यांनी ते मागून घेतले होते. कारण विचारले की म्हणत, "माणूस स्वतःबद्दल किती कमी शब्दांत खोटं लिहू शकतो, ते इथं शिकायला मिळतं. तुम्ही बातमीदारांनी हे पान रोज वाचायला हवं."

पान आठवड्यातून एकदाच निघते, हे कुणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिले.

"मग शिळं वाचा," ते म्हणाले.

आम्ही त्यांना सर म्हणत असू. ते सगळ्यांना, चहा आणून देणाऱ्यालाही, अहो-जाहो करीत. उंच, किंचित वाकलेले, चष्मा काळ्या दोरीला अडकवून छातीवर सोडलेला. चहा समोर आला की त्यावर साय धरेपर्यंत थांबत, मग ती साय चमच्याने बशीत काढून ठेवत आणि गार चहा पीत. बातमीतले प्रत्येक विशेषण ते लाल पेनाने खोडत. "विशेषणाला पुरावा लागतो," असे त्यांचे म्हणणे. तोंडी माहितीवर त्यांनी एक ओळ छापू दिली नाही. "कागद आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे, आणि नसेल तर तोच शेवटचा.

या माणसाने एक अख्खा समाज तोंडी उभा केला होता.

त्या समाजाचे नाव डोहकर. माणसे नव्हेत. एका नदीत राहणारे प्राणी. नदी कोणती, ते सांगत नसत. "आपली नव्हे. आपल्या नदीत मला कुणाला ठेवायचं नाही," एवढेच म्हणत. अंगाने पाणमांजराएवढे, कातडी उघडी, पुढचे पाय आखूड, बोटे नाहीत. डोळे अधू. मात्र पाण्याची चव त्यांना सगळ्या अंगाने कळते. उन्हाळ्यात नदी तुटते आणि तिचे वेगवेगळे डोह होतात. एक डोह म्हणजे एक घर. प्रत्येक डोहाच्या पाण्याची चव निराळी, आणि ती चव म्हणजेच आडनाव.

"आधी शरीर ठरवायचं, मग रीत," ते सांगत. "माणसांनी उलटं केलं. आधी रीत ठरवली आणि मग शरीर तिच्यात कोंबलं."

दुपारची पाळी सुरू होण्याआधी कार्यालयाखालच्या टपरीवर हे सगळे चाले. आम्ही प्रश्न विचारायचे आणि त्यांनी उत्तरे द्यायची, असा प्रघात होता. प्रश्न बातमीच्या शिस्तीतले: कोण, काय, कुठे, केव्हा, का. उत्तर देता आले नाही तर ते "तपासून सांगतो" म्हणत आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगत.

गुन्हेगारीच्या बातम्या करणारा आमचा एक सहकारी सिन्नरकडचा. त्याने एकदा विचारले, "सर, यांच्यात पोरी पळून जातेत का नाय?"

"पाण्यात सगळेच पळतात. त्यामुळे त्याची बातमी होत नाही."

"आणि हुंडा?"

"हुंडा घ्यायला खिसा लागतो. मी त्यांना खिसा दिलेला नाही."

"मंग लय बेकार समाज हाय सर. आम्हाला बातमीच नाय."

"म्हणूनच केला," ते म्हणाले.

डोहकरांची लग्ने पाणी वाढले की होत. सगळे डोह एक होतात, चवी मिसळतात, कोण कुठल्या डोहाचा हे कुणालाच कळत नाही. हे त्यांनी मुद्दाम तसे ठेवले होते. त्या काळात जोड्या जमतात. पाणी ओसरू लागले की जोडी जिथे असेल तो तिचा डोह. आपण कुणाशी जमलो, तो कुठल्या घरचा, हे त्यानंतर कळते. "आधी जोडी, मग चौकशी," असे त्याचे सूत्र त्यांनी करून ठेवले होते. वधू-वर पान समोर असले की हे वाक्य हमखास येई.

त्या पानावर एक मजकूर वरचेवर छापला जातो. 'जातीची अट नाही' असे आधी, आणि लगेच कंसात 'एससी, एसटी क्षमस्व'. सर त्या कंसाखाली लाल रेघ मारीत. जाहिरातीचा मजकूर बदलण्याचा अधिकार संपादकीय विभागाला नव्हता, त्यामुळे रेघेचा उपयोग शून्य होता. जाहिरात जशीच्या तशी छापून येई. पुढच्या आठवड्यात पुन्हा कंस, पुन्हा रेघ. जाहिरात विभागातली मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "सर, प्रूफ रंगवून काय मिळतं तुम्हाला?"

"क्षमा मागतायत ना ते? कोण देतंय बघतो," ते म्हणाले.

डोहकरांच्या रीतींपैकी चूळ ही त्यांची सर्वांत आवडती. घर सोडून गेलेल्या पिल्लाच्या अंगाची जुनी चव हळूहळू जाते. ती पुरती जाण्याआधी घरातल्या मोठ्याने आपल्या डोहाचे पाणी तोंडात धरून नव्या डोहापर्यंत पोहत जायचे आणि तिथे सोडायचे. दोन पाणी मिसळली की दोन्ही डोह एकमेकांचे झाले. मोठ्यानेच जायचे. पिल्लाने आपणहून परत यायचे नाही, कारण ज्याला नव्या डोहाने टाकले तोच आपणहून परतीला लागतो, असा त्यांच्यात समज. तसे परतणे म्हणजे जोडीदाराची बेअब्रू.

"पण पाणी तोंडातूनच का?" मी विचारले होते.

"तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही. नाहीतर म्हातारे तिथं जाऊन पहिल्यांदा उपदेश करतील."

ही रीत त्यांच्या घरात पाळली जात होती, हे आम्हाला एका दुपारी कळले. त्यांची पत्नी मुलगी शाळेत असतानाच वारली होती. मुलीला त्यांनी एकट्याने वाढवले. ती तेव्हा कॉलेजात होती. गाडीची किल्ली न्यायला कार्यालयात आली आणि दारातच उभी राहिली. सकाळी दोघांचे काहीतरी बिनसले असावे. "किल्ली द्या," एवढेच म्हणाली आणि भिंतीकडे बघत राहिली. सर उठले. कोपऱ्यातल्या फिल्टरपाशी गेले, तोंडभर पाणी घेतले आणि गाल फुगवून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. अख्खा विभाग बघत होता. तिने बराच वेळ तोंड घट्ट मिटून धरले. मग तिला हसू फुटले.

"बाबा, सगळे बघतायत."

ते तसेच गाल फुगवून बेसिनकडे धावले.

यातले काहीच त्यांनी कधी लिहून ठेवले नाही. मी एकदा तसे सुचवले होते. कागदाशिवाय ओळ न छापणारा हा माणूस म्हणाला, "लिहिलं की नियम होतो. नियम झाला की कुणीतरी मोडतो. मग बातमी होते. त्यापेक्षा असू दे तोंडी."

काही वर्षांनी मुलीने लग्न केले. मुलगा मनमाडचा, रेल्वेत नोकरीला. घर बौद्ध. दोघांची ओळख नोकरीच्या परीक्षेच्या शिकवणीत झाली होती. तिने नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि त्यानंतर वडिलांना फोन केला. आधी जोडी, मग चौकशी. फोन आला तेव्हा सर टपरीवर होते. त्यांनी तो ऐकून घेतला, "बरं" म्हणाले आणि खिशात ठेवला. चहावर साय आली होती. ती त्यांनी काढली नाही.

जातीबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचा आक्षेप पद्धतीबद्दल होता. "कळवायला हवं होतं," असे ते दोन-तीन वेळा म्हणाले. सिन्नरच्या सहकाऱ्याला राहवले नाही.

"सर, तुमच्याच समाजापरमाणं झालं की सगळं."

"ते पाण्यात राहतात," सर म्हणाले.

त्या आठवड्याच्या वधू-वर पानाचे प्रूफ माझ्या टेबलावरून गेले. कंस होता. रेघ नव्हती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्या कंसाखाली पुन्हा रेघ मारली नाही. जाहिरात विभागातल्या मुलीच्याही ते लक्षात आले. तिने त्यांना विचारले नाही. मला विचारले.

दुरुस्ती आली ती साधारण महिन्याने. टपरीवर बसताच त्यांनी जाहीर केले, "एक दुरुस्ती आहे. चूळ यापुढे लहानानं आणायची. जो डोह सोडून गेला, त्यानं घरी परत यायचं, घरचं पाणी मागून घ्यायचं आणि घेऊन जायचं."

सहकाऱ्याने विचारले, "का हो सर?"

"म्हाताऱ्यांना प्रवाहाविरुद्ध पोहवत नाही."

"आतापर्यंत तर पोहत होते."

"आतापर्यंत मी त्यांच्या सांध्यांचा विचार केला नव्हता."

यावर कुणीच हसले नाही. त्यानंतर डोहकरांचा विषय टपरीवर फारसा निघाला नाही. कधी निघालाच तर सर अंड्यांबद्दल किंवा पाण्याच्या पातळीबद्दल बोलत. लग्नांबद्दल नाही.

बाप-लेकीचे बोलणे तुटले होते असे नाही. फोन होत. गॅसचे बुकिंग, रक्तदाबाच्या गोळ्या, वीजबिल. ती मनमाडहून ऑनलाइन औषधे मागवून देई, ती वेळेवर पोचत. सर फोनवर "हो, मिळाल्या" म्हणत. "या" असे दोघांपैकी कुणीच म्हणत नसे. दोन शहरांमध्ये दोन-अडीच तासांचा रस्ता आहे.

निवृत्तीनंतर ते काठे गल्लीतल्या घरी एकटेच राहत. मी अधूनमधून जात असे. त्यांची खुर्ची आता दाराकडे तोंड करून ठेवलेली असे. पूर्वी ती खिडकीकडे होती. जिन्यात पाऊल वाजले की ते बोलता बोलता थांबत आणि पाऊल वरच्या मजल्यावर गेले की वाक्य जिथे सोडले तिथून पुढे नेत.

एका रविवारी दुपारी ते म्हणाले, "एक बातमी आहे. छापायची नाही."

छापायची नाही म्हणजे कुणालाच सांगायची नाही, असा आमच्या व्यवसायात अर्थ आहे. मी मान डोलावली.

"एक म्हातारा डोहकर परवा आपल्या द्वारका चौकापर्यंत गेला होता."

"कशासाठी?"

"पाणी घेऊन."

"पण दुरुस्तीनंतर लहानानं यायचं ना?"

"दुरुस्ती झाली होती. त्याच्यापर्यंत पोचली नसेल. लेखी नव्हती." त्यांनी चष्मा पुसला. "तिथं काळी-पिवळी जीप उभी असते. एजंट ओरडत होता, मनमाड, चांदवड, मनमाड. त्यानं म्हाताऱ्याला हटकलं. काका, मनमाड का? किती सीट? म्हातारा गप्प. पुन्हा विचारलं. मग खांद्याला धरून विचारलं, अहो काका, ऐकू येत नाही का?"

"बोट दाखवायचं."

"डोहकरांना बोटं नाहीत. ठाऊक आहे तुम्हाला."

"मग?"

"मग काय. गिळलं. म्हणाला, नाही हो, मी इथलाच."

मी म्हटले, त्याने पुन्हा जावे. सर म्हणाले, पाणी घरचेच लागते, म्हणजे आधी घरी यावे लागते, आणि घरी आले की आजचा उशीर झाला असे वाटते. मी म्हटले, बाटलीत न्यावे. यावर त्यांनी दाराकडे पाहिले.

"बाटलीत नेलं की तोंड मोकळं राहतं. मोकळं राहिलं की तो बोलणार. काय बोलणार तेही त्याला पाठ आहे. पाच-सहा वाक्यं तयार आहेत. सगळी चुकीची."

नंतर त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला आणि महापालिकेच्या एका बातमीतल्या शीर्षकाची चूक सांगितली.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच. शेजाऱ्यांनी मुलीला कळवले. निधनाचे वृत्त मीच लिहिले. अशा वृत्तात 'त्यांच्या पश्चात' या शब्दांनंतर नाती द्यावी लागतात. मी मुलीला फोन केला आणि काय लिहू असे विचारले.

"मुलगी आणि जावई," ती म्हणाली. "दोन्ही लिहा. कापू नका."

कापले नाही. विशेषणही घातले नाही.

घर रिकामे करायला ती नवऱ्याबरोबर आली, तेव्हा पुस्तके न्यायला मलाही बोलावले होते. खुर्ची अजून दाराकडे तोंड करून होती. जावई, शांत माणूस, स्वयंपाकघरातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होता. ती पुस्तकांचे गठ्ठे बांधत होती. बांधता बांधता म्हणाली, "काका, डोहकर माहीत आहेत ना तुम्हाला?"

"आहेत."

"यांनाही माहीत आहेत. लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं मी." तिने नवऱ्याकडे पाहिले. तो हसला. "तुम्ही हसाल, पण मी वाट बघत होते. बाबा येतील, दारात उभे राहतील, गाल फुगवून. मनमाडला नळाला पाणी कधी येतं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या डोक्यात तेच. आपण होऊन मला येता येत नव्हतं. मी आधी आले असते तर त्याचा अर्थ काय झाला असता? यांनी टाकलं मला. बाबांसमोर यांची मान खाली गेली असती. यांना घेऊन यायचं होतं मला, ताठ मानेनं."

"अगं, मला काही वाटलं नसतं," जावई खोक्यातून मान वर न करता म्हणाला. "शंभर वेळा सांगितलं मी हिला."

"मला वाटलं असतं. सगळं बनवलेलं आहे, ते का कळत नाही मला? पण आमच्या घरात दुसरी रीतच नव्हती, काका. देव नाही, पूजा नाही. आई गेली तेव्हा तेरावंसुद्धा नाही. बाबांनी सगळं काढून टाकलं होतं. उरलं होतं ते एवढंच."

मी तिला दुरुस्तीबद्दल सांगितले. लहानाने परत यायचे, पाणी मागून न्यायचे.

तिच्या हातातली सुतळी थांबली. "हे कधी ठरलं?"

"तुझ्या लग्नानंतर महिन्यानं."

"मला नाही सांगितलं."

"टपरीवर सांगितलं होतं. आम्हाला."

ती खाली बसली. जुनी रीत तिच्याजवळ होती, नवी त्यांच्याजवळ. दोघांनीही आपापली रीत काटेकोर पाळली होती. मग मी तिला द्वारकेची बातमीही सांगितली. छापायची नव्हती, पण ज्याने ती अट घातली तो आता नव्हता. तिने मध्ये फक्त एक प्रश्न विचारला.

"रिक्षानं गेले होते?"

"चालतच गेले असणार. रिक्षावाल्याला कुठं जायचं ते सांगावं लागलं असतं."

ती हसली, आणि मग हसणे थांबवता आले नाही म्हणून तिने पदर तोंडाला लावला. पदर काढून म्हणाली, "मोठं माणूस पाणी आणण्याआधीच मेलं तर काय करायचं, हे त्यांनी ठरवलं होतं?"

"मी एकदा विचारलं होतं. तपासून सांगतो म्हणाले. पुढे सांगितलं नाही."

सामान टेम्पोने पुढे गेले. घराला कुलूप लावायचे राहिले होते. ती म्हणाली, एक मिनिट, आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिचे गाल फुगलेले होते. जावयाने तिच्याकडे पाहिले, तिच्या हातातली किल्ली घेतली आणि कुलूप त्याने लावले.

मलाही तिकडेच जायचे होते, म्हणून द्वारकेपर्यंत आम्ही तिघे चालत गेलो. चौकातल्या गर्दीत ती तोंड मिटून, नाकाने श्वास घेत, नवऱ्याच्या मागे चालत होती. काळी-पिवळी उभी होती. एजंट तिच्यासमोर आला.

"ताई, मनमाड का? किती सीट? बोला लवकर, भरत आली गाडी."

तिने नवऱ्याकडे पाहिले.

"दोन," तो म्हणाला. "मनमाड."

दोघे मागच्या बाकावर बसले. जीप हलली तेव्हा तिने मला हात केला, तोंड उघडले नाही. ते पाणी मनमाडपर्यंत पोचले का, याची मी खातरजमा केलेली नाही.